बाबेलात मागे राहिलेली माणसं

मला अजूनही माणसं विचारतात, "मग तुम्ही कशा काय इकडेच राहिलात?" विचारणाऱ्याच्या आवाजात कीव असते, एस.टी. चुकून फाट्यावर उभ्या राहिलेल्या बाईची करतात तशी. मला त्या कीवेचा राग येतो, पहिल्यापासून येतो. आमचे लोक म्हणजे कोकणातले ज्यू, बेने इस्रायल. पनवेलपासून अलिबागपर्यंत जुनी माणसं आम्हाला शनवार तेली म्हणायची, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे. माझ्या लहानपणापासून आमच्यातलं एकेक घर कुलूप लावून इस्रायलला गेलं. आधी माझ्या बाकावरची डायना गेली, मग पलीकडच्या गल्लीतले मोझेसकाका, मग ज्यांच्याकडे सणाला हलवा हमखास मिळायचा ती दोन घरं. आम्ही गेलो नाही. माझी एस.टी. चुकलेली नाही, मी तिला हातच केला नव्हता. हे एकदा सगळ्यांना नीट कळावं म्हणून सांगते आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता कोणाला घाबरायचं आहे?

नव्या पनवेलात सिडकोच्या वसाहतीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनाची छोटीशी नळी, आणि तिच्याच खाली लाइटबिलं अडकवायची तार. बाबांचं नाव शलोम. ते तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होते. साबणाने, मग रॉकेलने, मग पुन्हा साबणाने हात धुतले तरी त्यांच्या नखांत ग्रीस राहायचंच, आणि घरात त्या ग्रीसचा आणि आईने काढलेल्या नारळाच्या दुधाचा असा एक मिसळलेला वास असायचा. मटणाबरोबर दूध-दही आम्हाला चालत नाही, म्हणून रस्सा नेहमी नारळाच्या दुधातला. बाहेरच्या खोलीतला पंखा सतत कुरकुरायचा. बाबा कारखान्यातली मोठमोठी यंत्रं दुरुस्त करायचे, पण घरच्या पंख्याला वेळ नसायचा, आणि आई दर रविवारी तेच बोलून दाखवायची.

बाबांचा खरा जीव मात्र यंत्रांत नव्हताच. तो होता बाबेल म्हणजे बॅबिलॉन, पारस म्हणजे इराण, ग्रीस आणि रोम या जुन्या साम्राज्यांत. शनिवारी प्रार्थनेनंतर आमच्या समाजातली मुलं घरी यायची आणि बाबा त्यांना शास्त्रातला इतिहास शिकवायचे. एकेक घर गेलं तशी मुलंही गेली, आणि शेवटी त्या वर्गात मी एकटी उरले. बाबांनी आवाज कमी केला नाही. एकट्या माझ्यासमोर ते पंधरा मुलांना ऐकू जाईल एवढ्या जोरात अश्शूरच्या, म्हणजे असिरियाच्या, फौजा आणायचे. बाबेलच्या राजाच्या स्वप्नातला तो पुतळा, ज्याचा एकेक धातू म्हणजे एकेक साम्राज्य असा अर्थ आमच्या दानीएलने सांगितला, तो तर त्यांनी ओट्यावरच उभा केला होता. सगळ्यांत खाली मातीचं मडकं उपडं, म्हणजे पावलं. त्यावर लोखंडी तवा, तो रोम. त्यावर पितळी परात, तो ग्रीस. परातीत स्टीलचा तांब्या, चांदी नसल्यामुळे पारसची चांदी म्हणून. आणि तांब्यावर हळदीचा डबा, ते बाबेलचं सोन्याचं डोकं. "मोठमोठी साम्राज्यं," बाबा सांगायचे, "सगळ्यांनी आपल्याला चिरडलं. आणि आता शोध, कुठे आहेत ती?" असं म्हणून ते स्वप्नातला धोंडा म्हणून मडक्यावर एक बटाटा फेकायचे. पुतळा कोसळायचा, हळद सांडायची, आणि आई मागून म्हणायची, "तुमची साम्राज्यं आवरा आता, मला भात टाकायचाय."

आमच्या घरात हे लोक शेजाऱ्यांसारखे वावरायचे. बाबांचा सुपरवायझर म्हणजे मिसरात आमच्या पूर्वजांना गुलाम करून राबवणारा फारो. सोसायटीचे सेक्रेटरी, जे आमच्या दारातल्या सब्जाच्या रोपावर सुद्धा हरकत घ्यायचे, ते म्हणजे आमच्या जिवावर उठलेला पारसचा वजीर हामान. बाबेलच्या राजाने यरुशलेमचं, म्हणजे जेरुसलेमचं, मंदिर जाळलं आणि पुढे रोमनेही जाळलं, त्याचा उपास आम्ही पावसाळ्यात करायचो, आणि त्या उपासाला आमच्या लोकांनी नाव काय ठेवलं होतं, तर बिरड्याचा रोजा, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडायचा. आदल्या दिवशी मी आणि आई मोड आलेले वाल सोलत बसायचो, बोटं सुरकुतून जायची, आणि आई मंदिर जळाल्याच्या दुःखात भर म्हणून वालाच्या भावाला शिव्या द्यायची. अडीच हजार वर्षांपूर्वीची राख आणि अलिबागचे वाल एका ताटात. याच्याइतकं आमचं असं दुसरं काही मला दाखवता येणार नाही.

त्या शनिवारच्या वर्गात बाबांनी एकदा नवसाचा नियम शिकवला होता. मुलगी बापाच्या घरात असताना नवस बोलली आणि बापाने तो ऐकला, तर त्याच दिवशी तो मोडायचा हक्क बापाला आहे. पण ऐकून दिवसभर गप्प बसला, तर नवस कायम. मग बापालासुद्धा मोडता येत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ताबडतोब उभी राहिले आणि म्हणाले, "मी नवस बोलते, जन्मात कारलं खाणार नाही." बाबांनी मान वर न करता सांगितलं, "ऐकला, मोडला. बस खाली." त्या रात्री जेवायला कारलंच होतं.

आणि वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, जेवणानंतर आम्ही दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी यरुशलेमेत. सगळे उभे राहून म्हणायचो. आणि मग लगेच बाबा म्हणायचे, "अगं, चहा टाक." लहानपणापासून मला वाटायचं की यरुशलेम आणि चहा ही एकाच प्रार्थनेची दोन वाक्यं आहेत.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात मोठे काका आले. बेंजामिनकाका, बाबांचे थोरले भाऊ. वीस-बावीस वर्षांपूर्वी इस्रायलला गेले, तिथे कारखान्यात लागले, काकू वारल्या, मूलबाळ नाही. त्यांचं मराठी ते गेले त्या वर्षी थांबलं होतं. सिनेमाला बोलपट म्हणायचे आणि बसला मोटार. येताना त्यांनी चॉकलेटं आणली, आईला स्वेटर आणला, जो पनवेलमध्ये घालायची हिंमत कोणी केली नसती, आणि एक भला मोठा रंगीत नकाशा आणला. पहिल्या दोन दिवसांतच त्यांनी सांगून टाकलं की ते आम्हाला न्यायला आले आहेत. तिघांनाही. कागदपत्रांचं सगळं ते बघणार होते. "पनवेलमध्ये आता राहिलंय कोण?" ते म्हणाले. "प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला तुम्हाला पेणहून माणूस बोलवावा लागतो. उद्या तोही जाईल."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी तो नकाशा जमिनीवर अंथरला. कोपऱ्यांवर आईच्या मसाल्याच्या बरण्या ठेवल्या. अश्शूर हिरवा, बाबेल पिवळा, पारस जांभळा, ग्रीस निळा, रोम लाल, एकाच्या अंगावर दुसरा पसरलेला. यरुशलेमपासून तांबडे बाण निघाले होते, आम्हाला कुठे कुठे हाकललं त्याचे, आणि परत येणारा एक जाड हिरवा बाण होता. काका गुडघ्यांवर बसून त्या बाणावरून बोट फिरवत होते. "संदेष्ट्यांनी सांगितलं होतं की देव म्हणतो, तुम्हाला चारी दिशांतून गोळा करीन. बाबेल गेलं, पारस गेलं, रोम गेलं, आणि आपण परत आलो. शलोम, हे आपल्या आयुष्यात घडलंय. आपल्या. आजोबा-पणजोबांनी नुसतं तोंडाने म्हटलं, आणि आपण तिथे उभे राहू शकतो." बाबा नकाशाकडे बघत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. ते डोळे बघून मी पुढे सरकले.

मी म्हणाले, "काका, पारसच्या कोरेशने बाबेलातल्या आपल्या बंदिवानांना परवानगी दिली तेव्हा किती लोक परत गेले?"

"कोरेश राजा झाला, बाबेल पडलं, त्याने फर्मान काढलं, जा आणि मंदिर बांधा. गेले की."

"सगळे?"

"सगळे नाही."

"बरेच राहिले. बाबांनीच शिकवलंय मला. बाबेलात घरं बांधली होती, बागा लावल्या होत्या. यिर्मया संदेष्ट्यानेच सांगून पाठवलं होतं की तिथे घरं बांधा, लेकरांची लग्नं करा, त्या शहराचं भलं मागा. कोरेशने 'चला निघा' असं फर्मान काढलंच नव्हतं. ज्याला जायचंय त्याने जावं, असं काढलं होतं. जे राहिले त्यांचा बाण या नकाशात कुठे आहे?"

"राहिले ते राहिले," काका म्हणाले, "आणि मग पारसात हामानने त्यांना मारायची तारीख ठरवली. ते विसरलीस?"

"आणि वाचवलं कोणी? राहिलेल्यांच्याच एका मुलीने. तिचं नाव माझ्याकडे आहे."

माझं नाव एस्तेर आहे, हे सांगायचं राहिलं. काका हसले नाहीत, पण बाबा खाली बघून हसले, ते मला दिसलं. मग मी आणखी एक केलं. तो नकाशा पूर्वेला सिंधू नदीपाशी संपत होता. पारसचा जांभळा रंग नदीपर्यंत येऊन कागदाच्या कडेला कापला गेला होता. आमचे पूर्वज ग्रीकांच्या छळाला कंटाळून गलबतातून निघाले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं गलबत फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली, ही गोष्ट आमच्यातलं शेंबडं पोरही सांगतं. पण नवगाव त्या कागदावर नव्हतंच. मी आईच्या शिवणकामाचा खडू घेतला आणि कागदाच्या बाहेर, आमच्या शहाबादी फरशीवर, किनारा काढला. नवगाव काढलं. रेवदंडा काढला, तिथलं आईचं माहेर. खाडी काढली आणि खाडीच्या काठाला उलवे लिहिलं. आमचं आडनाव उलवेकर. "तुमचा कागद जिथे संपतो ना काका, तिथून आम्ही सुरू होतो," मी म्हणाले.

"पोरगी वकील आहे," काका बाबांना म्हणाले. "तिथे पुष्कळ शिकेल."

खडू पुसायला आई ओलं फडकं घेऊन आली, आणि न पुसताच परत गेली.

बाबांचा पेच मला त्यानंतर दोन दिवसांनी कळला. ते सेकंड शिफ्टला निघाले होते, मी कोपऱ्यापर्यंत डबा घेऊन गेले. विचारलं, "तुम्हाला जायचंय का? सरळ सांगा." बाबांनी वाकून सायकलची साखळी चाचपली. मग म्हणाले, "माझ्या मनाचं काय विचारतेस? जन्मभर पोरांना सांगत आलो की वचन खरं होणार. आता दादा येऊन म्हणतोय, खरं झालं, चल. मी त्याला काय सांगू, थांब जरा, माझी सेकंड शिफ्ट आहे?" मी म्हणाले, "हो, तेच सांगा." ते म्हणाले, "दादा तिथे एकटा पडलाय गं." आणि निघून गेले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला विचारलंय का कोणी? विचारतील तेव्हा सांगीन." तिला कोणी विचारलं नाही.

मग काकांनी ठरवलं की रविवारी मलिदा करायचा. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सुकामेवा, परातीत ढीग रचून वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. तो समोर ठेवून एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, बोलवायचं. जगात इतरत्र आमचे धर्मबंधू पुष्कळ आहेत, पण मलिदा कोकणातल्या आमच्याच घरांतून होतो. लग्न असो, बारसं असो, प्रवास असो, नवस फेडायचा असो की बोलायचा असो, मलिदा हवाच. आणि त्याच्यासमोर बोललेला नवस कोणी मागे घेत नाही, आमच्यातला मोठ्यातला मोठा थापाड्याही नाही. काका सगळ्यांना सांगत सुटले की शलोम मलिद्यावर नवस बोलणार, या वर्षात सहकुटुंब निघतो म्हणून. बाबांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मला समजलं की बाबांच्या तोंडून ते वाक्य एकदा निघालं की संपलं.

नारळ हिराबायने आणले. हिराबाय ही उलव्याची आगरीण, डोक्यावर टोपली घेऊन आमच्या वसाहतीत भाजी आणि खाडीची मासळी विकायची. आम्हाला खवल्याशिवायची मासळी चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. "कोलबी नाय दाखवत तुमाला, बोय आनलीत ताजी," अशी ती दारातूनच ओरडायची. त्या दिवशी तिने नारळ ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

"तोंड का पारलंस गो? कोन मेलंय का?"

मी तिला सांगितलं.

"कुठं चाललाव? आनि तुमी उलव्याचं ना?"

"काका म्हणतात, आमचं खरं गाव तिकडे आहे."

हिराबाय टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "आमची शेती गेली, मिठागरा गेली, तरी आमी काय गाव सोरला का? ज्याला जायाचा हाय त्यानी जावा की. तुला जायाचा हाय का?"

"नाही."

"मग बोल तसा. मनात बोललीस त कोनाला आयकू येनार?"

ती गेली, आणि मी खोबरं खवायला बसले. खवता खवता मला कारल्याची गोष्ट आठवली.

रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत माणूस मावत नव्हता. पनवेलची उरलीसुरली घरं आली होती, पेणहून दोघे आले होते. मध्ये चादरीवर परात, वर केळी, संत्री, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या. आमचे हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे म्हातारे गृहस्थ, खुर्चीत बसून प्रार्थना म्हणत होते आणि वर पंखा कुरकुरत होता. एलियाहूचं नाव घेऊन सगळे गायले. मी लहानपणापासून ते गात आले आहे, आणि दर वेळी मला दाराकडे बघावंसं वाटतं, आला की काय म्हणून. प्रार्थना संपली. काका उभे राहिले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शलोमला काही बोलायचंय."

बाबा उठायच्या आत मी उठले.

बायका आतल्या दाराशी बसल्या होत्या, तिथून मी मोठ्याने बोलले. "एलियाहू हन्नबीच्या साक्षीने मी नवस बोलते. जिवंत आहे तोवर दर वर्षी मी मलिदा करीन, आणि तो इथेच करीन, या मातीत. दुसरीकडे कुठेही करणार नाही."

कोणीतरी "अगं अगं" म्हणालं. हझ्झानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला एकटीला मागे टाकून आई-बाबा जाणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. माझा नवस टिकला तर सगळेच राहणार. तेवढा स्वार्थ त्या नवसात होता, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

काका सगळ्यांत आधी भानावर आले. त्यांना नियम माहीत होता, दोघे भाऊ एकाच बापाकडे शिकले होते. "हरकत नाही," ते म्हणाले. "पोर आहे. शलोम, तू ऐकलंस. मोडला म्हण."

सगळे बाबांकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे कारलं उभं राहिलं. ऐकला, मोडला, बस खाली. दोन शब्दांचं काम. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकांकडे बघितलं नाही. त्यांनी वर बघितलं. मग उठून स्टूल ओढलं, मीटरपाशी जाऊन मेन स्विच बंद केला, आणि भरल्या घरात, मलिद्याच्या परातीशेजारी स्टूलवर चढून पंखा उतरवायला सुरुवात केली.

हझ्झानांनी निमूटपणे मलिदा वाटायला घेतला. लोकांनी खाल्ला, पदराला, पिशवीला बांधून घेतला आणि हळूहळू काढता पाय घेतला. बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पंखा खोलून बसले. फिटर लोकांची एक सवय असते, स्क्रू हरवू नये म्हणून ओठांत धरायचे. बाबांनी चार स्क्रू ओठांत धरले. काका त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले.

"शलोम, दिवस मावळेपर्यंत वेळ आहे. एवढंच म्हण."

बाबा बेअरिंग पुसत होते.

"तुला काय वाटतं, मी मौजेसाठी बोलावतोय?" काकांचा आवाज बदलला. "पहिली वर्षं तिथे आम्हाला अर्धेच ज्यू समजायचे. तुमची लग्नं नीट झालेली आहेत का, तुम्ही खरंच आमच्यातले का, म्हणून विचारायचे. मला. आपल्या बापाच्या मुलाला. निषेध म्हणून मी रस्त्यावर उन्हात बसलो, पण परत आलो नाही. का? तर म्हटलं, मागून माझा भाऊ येईल, त्याच्यासाठी जागा धरून ठेवू. वीस वर्षं जागा धरून बसलोय मी." ते रडत होते. माझ्या आयुष्यात मी त्या माणसाला नुसतं भाषण करताना बघितलं होतं. त्या क्षणी मला काका पहिल्यांदा आवडले. त्यांनीही कोणाचं ऐकलं नव्हतं, हाकलू दिलं नव्हतं स्वतःला. आमचं रक्त एकच होतं. पण आवडले म्हणून मी नवस मागे घेतला नाही. बाबांनी एक हात पुढे करून काकांच्या गुडघ्यावर ठेवला, ग्रीससकट, आणि तो बराच वेळ तिथे राहिला. ओठांतले स्क्रू मात्र ओठांतच होते.

पुष्कळ वर्षांनी एका जाणत्या माणसाने मला सांगितलं की बाबेलात राहिलेल्या आमच्या विद्वानांनी पुढे ठरवल्याप्रमाणे हा नियम अगदी कोवळ्या वयातल्या मुलींसाठी आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा नवस बापाला मोडताच येत नाही, मुळात तो हक्कच उरत नाही. म्हणजे त्या दुपारी आम्ही सगळे ज्याची वाट बघत होतो त्याला काही अर्थच नव्हता, म्हणे. हझ्झानांना हे माहीत असेल का? बाबांना? मी बाबांना विचारायला गेले नाही. बाबेलच्या विद्वानांनी काय ठरवलं ते बाबेलच्या विद्वानांपाशी राहो. आमच्या खोलीत त्या दिवशी जो नियम चालला तो बाबांनी शिकवलेला होता.

आज उलव्यात इमारतींवर इमारती आहेत, विमानतळ आहे, हिराबायच्या नातवाचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. माझं आडनाव लग्नानंतरही मी बदललं नाही, आणि दर वर्षी मलिदा करते. कधी प्रार्थनेला दहा पुरुष जमतात, कधी जमत नाहीत. जमले नाहीत तर मी, माझी मुलगी आणि शेजारच्या चार बायका मिळून गातो, आणि ज्याला हे चालत नसेल त्याने पोहे खाऊ नयेत.

त्या संध्याकाळी ऊन दारातून आत आलं आणि माझ्या खडूच्या नवगावपर्यंत पोचलं. फरशीवरचा तो किनारा पुसट झाला होता पण होता. बाबांनी पंखा जोडला. तेल घातलं, पाती फिरवून बघितली, आवाज गेला होता. स्क्रू बसवले. ओठ मोकळे झाले आणि काका सावरून बसले. मी आईचा हात धरला. बाबांनी बाहेर बघितलं. उजेड अजून होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आत्ताच बसवलेले चारही स्क्रू परत काढले, एकेक करून ओठांत धरले, आणि धडधाकट पंखा पुन्हा खोलायला लागले. तेव्हा मला कळलं. आईलाही कळलं, कारण तिने माझा हात सोडला आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

काका उठून गल्लीत जाऊन उभे राहिले. दिवस संपतो तो तारे दिसल्यावर, आणि ते आकाशाकडे बघत होते. मला भीती वाटली की ते खोटं बोलतील, अजून उजेड आहे म्हणतील. सब्जाजवळ उभे राहून त्यांनी बराच वेळ मान वर करून ठेवली. मग आत आले, चप्पल काढली, आणि पाटावर बसत म्हणाले, "दिसले."

बाबांनी ओठांतले स्क्रू तळहातावर काढले. दुपारपासून बंद असलेल्या तोंडाला जरा कोरड पडली होती. ते आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. आणि यंदा खोबरं जरा कमी पडलं. पुढच्या वर्षी हिराबायला दोन नारळ जास्त सांग."